फोटोमागे लिहिलेलं गाव

माझ्या मोठ्या जाऊबाई काश्मीरला जाऊन आल्या, तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मोठे दीर रेल्वेत, त्यांना पास मिळायचा. माझे मिस्टर लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीत कारकून. त्यांना सुटी ती रविवारची. त्या चार वर्षांत आम्ही दोनदा रामटेकला गेलो होतो, आणि दोन्ही वेळा सासूबाई सोबत होत्या.

प्रतापनगरच्या घरात आम्ही सगळे एकत्रच राहायचो. प्रवासाहून आल्यावर पंधरा दिवसांनी दीरांनी फोटो धुऊन आणले. मित्राकडून मागून नेलेल्या कॅमेऱ्यातले, काळेपांढरे, एकवीस फोटो. जाऊबाईंनी ते आळीभर दाखवले. भाजीवालीलाही दाखवले. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची आणि बाहेरच्या खोलीतून ऐकू यायचं, "हे पहलगाम. इथलं पाणी एवढं थंड, हातच नाही घालवत." माझी पोळी जाड व्हायची.

मग एका दुपारी त्या फोटो घेऊन माझ्याकडेच आल्या. "तुहं अक्षर चांगलं हाय वं. प्रत्येकाच्या मागं गावाचं नाव लिहून दे. पुढं इसरून जाऊ आपण."

मी लिहायला बसले. श्रीनगर. पहलगाम. गुलमर्ग. ज्या गावांना मी कधी जाणार नव्हते, त्यांची नावं माझ्याच हातून लिहिली जात होती. शेवटून दुसरा फोटो दल सरोवराचा होता. त्यात शिकारा नाही, हाऊसबोट नाही. नुसतं पाणी, काठावरचं एक झाड आणि पदर सावरत हसणाऱ्या जाऊबाई. फोटो काढणाऱ्याकडे बघून त्या हसत होत्या. तसं हसताना मी त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही तसं कुणाकडे बघून हसायला मिळालं नव्हतं. मी त्या फोटोमागे लिहिलं, "अंबाझरी तलाव, नागपूर."

शाई वाळू दिली आणि फोटो बाकीच्यांत सरकवून दिला. जाऊबाईंनी पाठी न वाचताच सगळे अल्बममध्ये बसवून टाकले. पुढे पाहुण्यांसमोर त्या "काश्मीर" म्हणायच्या, आणि चहा गाळता गाळता मी मनात म्हणायची, अंबाझरी. हळूहळू मी ते विसरले.

दहा-अकरा वर्षांनी मोठे दीर अचानक गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर जाऊबाईंच्या मुलीने फ्रेम करायला म्हणून आईचा एक फोटो अल्बममधून काढला. नेमका तोच.

"आई, हे तं अंबाझरी हाय!" ती हसायला लागली. "तू सगळ्याइले काश्मीर सांगून राहिली होती?"

जाऊबाईंनी फोटोची पाठ वाचली. मग उलटून समोरून बराच वेळ पाहिला.

"असन," त्या म्हणाल्या. "मले तं काश्मीरच वाटत होतं. तुह्या बाबाले इचारलं असतं, पण आता..."

मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी वाद घातला असता, तर मी कदाचित गप्प राहिले असते. पण त्यांनी लगेच मान्य करून टाकलं, कारण लिहिलेलं तेव्हाचं होतं आणि सांगणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं.

"बाई, ते काश्मीरच हाय," मी म्हणाले. "मीच खोटं लिहिलं."

"काहून?"

"मले जायचं होतं."

"आमच्यासोबत?"

"तुमच्या जागी."

मुलगी उठून आत गेली. जाऊबाईंनी अल्बम मांडीवर घेतला आणि एकेक फोटो सोडवून त्याची पाठ वाचायला सुरुवात केली. तो एकच आहे, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. उरलेले वीसही वाचले. मग पेन मागवून माझी ओळ खोडली आणि स्वतःच्या वाकड्या अक्षरात खाली "दल" एवढंच लिहिलं.

महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन पुढे झाले, त्यांनी घेतला, तिथून बोलणं सुरू झालं. पण हेवा गेला असं मी म्हणणार नाही. पुढे त्यांच्या मुलीने लग्नानंतर शिमल्याचे रंगीत फोटो आणले, तेव्हा चष्मा सापडत नाही असं सांगून मी चहा टाकायला उठले. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.