सर्व्हर वैशाली बघायची

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी पुरतं सांगेन का — लिहायला बसलोय खरा.

उल्हासनगरातल्या एका ट्रस्टच्या रक्ततपासणी केंद्रात मी संगणक विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे मी आणि वैशाली. पेशंटचे रिपोर्ट साठवायला नवा सर्व्हर आला, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालायचं ठरलं. कुठली आवृत्ती? त्यासाठी सभा भरली. आमच्याकडे पंखा बदलायलाही सभा भरते.

वैशाली म्हणाली, "शेठ, आकडा जुना असला तरी हीच आवृत्ती घ्या. हिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बरीच वर्षं मिळत राहतात. नवीवाली वर्षाच्या आत वाऱ्यावर सोडतात."

शेठ म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष, कापडबाजारातले. "दोनों फुकट है ना? फिर पुराना माल क्यूँ?" मग माझ्याकडे वळले. "बोलो साहब."

तिचं बरोबर होतं. मला माहीत होतं — तिला ते मीच शिकवलं होतं. आणि मी काय बोललो? "नवीन ते नवीनच, शेठ."

दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घातला. नारळ मी फोडला.

पुढे दुरुस्त्या येणं थांबलं. वैशाली आठवण करून द्यायची. आवृत्ती बदलायची तर सभेपुढे चुकलो म्हणावं लागणार — मी म्हणायचो, "दिवाळी होऊ दे." मग एका सकाळी कुणीतरी इंटरनेटवरून सर्व्हरमध्ये शिरून सगळे रिपोर्ट कुलूपबंद केले. काउंटरपुढे माणसं नुसती उभी. शेठनी विचारलं, "ये किसका काम?"

"सर्व्हर वैशाली बघायची."

यात खोटं काय होतं? एक अक्षरही नाही. इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

"सर, तुम्ही तरी सांगा ना," ती म्हणाली. शेठना ती सभा आठवत नव्हती, किंवा आठवणं परवडत नव्हतं. मी चष्मा पुसत राहिलो. तिला काढलं.

गेल्या महिन्यात बदलापूरच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. वैशालीने तिथे अर्ज केला होता, आणि चौकशीसाठी नाव दिलं होतं — माझं. अजूनही माझंच. "त्या सर्व्हरच्या प्रकरणात यांची चूक होती का, सर?" बाई आदराने विचारत होत्या. अंबरनाथला घरीच होतो मी, बाल्कनीत एकटा. शेठ नव्हते, सभा नव्हती. भ्यायचं कुणाला? 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"आता नीटसं आठवत नाही," मी म्हणालो.

"बरं सर, थँक यू."

त्या बाईंचा नंबर मोबाईलमध्ये आहे. मी फोन केलेला नाही.