इस्तारी फेकत होता

"फेकू मेला जी," मुर्रीहून आलेल्या माणसानं गिरणीच्या फाटकातूनच ओरडून सांगितलं आणि तो तंबाखू मळायला लागला. माझा मावसभाऊ इस्तारी गेल्याची बातमी मला अशी कळली… मेल्यावरही त्याचं खरं नाव घ्यायला कोणाची जीभ वळली नाही.

लढाईच्या काळात गोंदियाजवळ विमानांसाठी धावपट्टी बांधत होते. इस्तारी तिथं गिट्टी वाहायला जायचा. तिथल्या अमेरिकन सोजिरांना एका खेळाचं वेड होतं. एकानं समोरच्याच्या गुडघा ते छाती एवढ्याच उंचीत चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं दांडक्यानं मारायचा. फेकणाऱ्याला ते पिचर म्हणत. धानावरचे पोपट दगडानं टिपत वाढलेला इस्तारी जेवणाच्या सुट्टीत दूरच्या डांबराच्या पिंपावर खडे मारत बसला होता, ते एका लालतोंड्या सार्जंटानं पाहिलं. गिट्टी सुटली, फेकणं लागलं. दर रविवारी दोन छावण्यांची पैजेवर मॅच व्हायची आणि सार्जंटाच्या बाजूनं इस्तारी फेकायचा, रोजीवर. मी तारेच्या कुंपणाबाहेरून ते डोळ्यांनी पाहिलंय. उंचेपुरे गोरे दांडकं फिरवायचे आणि चेंडू ऐन वेळी खाली बसायचा. इस्तारी हसायचाही नाही. घामानं निथळलेला, अनवाणी… इतका देखणा तो मला स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता.

पैजा वाढत गेल्या तसा सार्जंट त्याला सोडेना. रविवारी मॅच, बाकीचे दिवस सराव. कोपर सुजलं, तर कसलंसं मलम चोळून पुन्हा उभा केला. "हात जळून राहिला साहेब," असं तो म्हणायचा, ते साहेबाला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. एका रविवारी भर खेळात कोपरात कट्कन आवाज झाला. सार्जंटानं मानेनंच दुसऱ्याला बोलावलं. पुढच्या रविवारी पहारेकऱ्यानं इस्तारीला फाटकातच अडवलं. आत सार्जंट दिसत होता. इस्तारीनं हाका मारल्या. सार्जंटानं एकदा वळून पाहिलं आणि दुसऱ्याच्या हातात चेंडू दिला.

मुर्री गावानं तर त्याहून वाईट केलं. आमच्याकडे हिंदी इतकी मुरलीय, की फेकणं म्हणजे थापा मारणंही. "मी गोऱ्यांच्यात फेकत होतो," असं इस्तारीनं पारावर सांगितलं आणि सगळे खो-खो हसले. "आता बी फेकूनच राहिला ना बे!" मी साक्ष द्यायला गेलो, तर म्हणाले, "मावसभाऊ होय ना, थो बी फेकते." दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, डबे पाडायच्या दुकानापुढं, चौघांनी धरून त्याला उभं केलं. "फेक ना, पिचर!" तो नको नको म्हणत होता. शेवटी त्यानं फेकला. चेंडू त्याच्याच पायाशी पडला. दंडारीचं नाटक पाहायला आलेली माणसं दंडार सोडून त्याला हसायला आली. त्या दिवसापासून तो फेकू झाला. पुन्हा त्या खेळाचा शब्द त्यानं काढला नाही, घरातही नाही. हसणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

यंदा तापानं तो गेला. दहावं उरकल्यावर मी मुर्रीला गेलो. रुखमावहिनी माहेरी, केशोरीला जायच्या तयारीत होत्या आणि जाण्याआधी गोठ्याची मागची भिंत लिंपत होत्या. जवळ जाऊन पाहतो तर त्या मातीच्या भिंतीत गुडघ्यापासून छातीपर्यंत, हातभर रुंदीत, खड्डेच खड्डे. बाकीची भिंत कोरी. खाली वाळलेल्या मातीचे फुटके गोळे.

"मंडईत हसले ना लोक, तवापासून येड्यावानी डाव्या हातानं मारत राहत," वहिनी म्हणाल्या. "कायले मारता म्हटलं, तर बोलत नव्हते."

मला हुंदका आवरेना. एक हात गेला म्हणून गडी दुसरा तयार करत होता… आणि नेम पाहा!

हात न थांबवता वहिनींनी विचारलं, "खरं सांगा भाऊजी, तुमचे भाऊ फेकतच होते ना?"

"हो वहिनी," मी म्हणालो, "फेकतच होता."

"मले मालूमच होतं." त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी काय ऐकलं हे उमगताच मी जीव तोडून सांगू लागलो, ते गोरे, ते दांडकं, तो खाली बसणारा चेंडू. वहिनींनी शेवटच्या खड्ड्यात चिखल दाबला आणि वरून हात फिरवला.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसापायी आता तुमी नका फेकू."