काजलने वाचलेला कागद

रंजीता आडे पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांची पोर होती. रिसोडच्या बसस्टँडसमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं मी दारातल्या तारेला चिमट्यांनी टांगून ठेवतो. तिने त्यातलं जाड पुठ्ठ्याचं एक काढायला सांगितलं.

"कितवीत आहे लेकरू?" मी विचारलं.

"हेच हाये. कडेवरचं."

मला हसू आलं. ती हसली नाही.

पुढे ओळख झाल्यावर तिने कारण सांगितलं. ती रिठदकडच्या एका तांड्यावरची. घरात सगळे बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात. पहिलीत बसली तेव्हा गुरुजींची मराठी तिला कळेना. एकदा ते "फळा पूस" म्हणाले आणि ही दप्तर उचलून घरी निघाली. सगळा वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं तिने शाळेत तोंड उघडलं नाही. तरी नेटाने बारावीपर्यंत शिकली. "माह्या काजलचं तसं नाई होऊ देणार, चाचा," असं ती मला म्हणाली, आणि बाजाराला आली की एखादं पुस्तक नेऊ लागली.

पुस्तकं तिने मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवली, रांगणाऱ्या पोरीचा हात पोचेल अशी. पोरीला पोटावर घेऊन ओळीखाली बोट फिरवायची. आधी मराठीत वाचायची, मग तेच गोरमाटीत सांगायची. काजलने पानं चावली, फाडली. रंजीता भाताच्या खळीने चिकटवायची. शेजारणी म्हणायच्या, "हिले काय तहसीलदारीण करतं का?"

नवरा किशन दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायचा. तोडीचं काम जोडीचं. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. रंजीताने सांगून टाकलं की ती पोरीला उसाच्या फडात नेणार नाही. घरात मोठं भांडण झालं. ते मिटवलं सासूने, भुरीबाईने.

"मी जातो त्याच्यासंगं. तू पोरीले शिकव," ती म्हणाली.

पन्नाशी उलटलेली ती बाई लागोपाठ तीन हिवाळे सुनेच्या जागी ऊस तोडायला गेली.

काजल पाच वर्षांची होण्याआधीच वाचायला लागली. भुरीबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण नातीला घेऊन ती तांडाभर फिरे. साबणाचं वेष्टन, गोळ्यांचं पाकीट, लग्नाची पत्रिका, जे हाती लागेल ते तिच्यापुढे धरायची. "वाच बरं माय!" पोरगी वाचायची आणि आजी आजूबाजूला बघायची, कोण कोण ऐकतंय ते.

काजल पहिलीत गेली त्या साली भुरीबाईचा नवरा वारला. पाच एकर जमीन. सातबाऱ्यावर भुरीबाईचं आणि दोन्ही मुलांचं नाव चढलं. रस्त्याला लागून असलेल्या अर्ध्या एकराला ढाबेवाल्याचं गिऱ्हाईक आलं. थोरल्या हरिसिंगला तो तुकडा विकायचा होता. भुरीबाई आडवी आली. "त्यातले गोटे मी अन् तुह्या बापानं वेचले. मी जिती हावो तवर नाई."

महिन्याभराने हरिसिंग टाइप केलेला कागद घेऊन आला. किशनने दुपारी तो रंजीतापुढे टाकला, "नावं बरोबर हायेत का पाह्य."

तिने पहिली ओळ वाचली. "हे तं हक्कसोडपत्र हाये. मायले सांगतलं का तुमी?"

"तिले वारसाच्या नोंदीचाच राह्यलेला कागद म्हणून सांगतलं. तू मंधात पडू नको." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "काजलले रिसोडच्या इंग्रजी शाळेत टाकू ना. कोणासाठी करून राह्यलो मी?"

रंजीताने नावं तपासली. 'भुरीबाई'मधला री ऱ्हस्व पडला होता, तो तिने पेनाने दुरुस्त केला. ही गोष्ट तिने मला स्वतः सांगितली. मी विचारली नव्हती.

संध्याकाळी सगळे ओसरीवर बसले होते. हरिसिंग आईला समजावत होता की उद्या जीपने रिसोडला जायचं, साहेबासमोर अंगठा द्यायचा, बस. कागद भुरीबाईच्या मांडीवर होता. काजल आली आणि सवयीप्रमाणे आजीला रेलून बोट फिरवू लागली.

"हक्क... सोड... पत्र. लिहून देणार, भुरीबाई..." तिला आनंद झाला. "दादी, तुहं नाव हाये!"

"वाच माय, वाच."

"माझा... हक्क... मी कायमचा... सोडून... दिला आहे."

हरिसिंगने कागद ओढून घेतला. भुरीबाईने मुलांकडे पाहिलंच नाही, सुनेकडे पाहिलं.

"रंजीता, तुले वाचता येते. काय लिवलं हाये याच्यात?"

रंजीता चुलीपाशी होती. किशन तिच्याकडे बघत होता. काजलही बघत होती, शाबासकीची वाट बघत.

"काई नाई, माय. वारसाचंच हाये. पोरगी चुकली. शिकून राह्यली ना अजून."

"मी नाई चुकली!" काजल ओरडली. "तिथं सोडून लिवलं हाये!"

"चूप! मोठ्याइचे कागद वाचाचे नसतात." आणि रंजीताने तिच्या पाठीत धपाटा घातला. वाचण्यावरून तिने पोरीवर हात उगारला तो पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ती सासूचा हात धरून रिसोडला गेली. नोंदणी कचेरीतल्या साहेबाने रीतीप्रमाणे विचारलं, "आजी, काय लिहिलंय ते समजलं का?"

"समजलं, साहेब. माह्या सुनेनं वाचून सांगतलं," भुरीबाई म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

दोन महिन्यांनी त्या तुकड्यात जेसीबी आला. भुरीबाई शेताच्या धुऱ्यावर उभी राहून बघत राहिली. घरी आली ती थेट नातीकडे गेली.

"काजल, त्या दिवशी कागदात काय लिवलं होतं? पुन्हा सांग मले."

"मले वाचता नाई येत, दादी. मी चुकते," काजल म्हणाली.

भुरीबाईने भांडण केलं नाही. कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि आसेगावला भावाकडे निघाली. रंजीता पाया पडायला वाकली तेव्हा तिने पाय मागे घेतले. एवढंच म्हणाली, "तीन साल तुह्यासाठी कोयता चालवला मी." त्या हिवाळ्यात ती भाच्यासोबत परत ऊसतोडीला गेल्याचं तांड्यावर कळलं.

काजल आता रिसोडच्या इंग्रजी शाळेत जाते. तिथल्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला: वहीत सगळं बरोबर लिहिते, पण उभं करून वाचायला सांगितलं की ओठ घट्ट मिटून घेते. घरी रंजीता पुस्तक उघडून जवळ बसते. पोरगी चित्रं बघते, आणि ओळीखाली आईचं बोट आलं की पान उलटते.

गेल्या महिन्यात दोघी दुकानात आल्या. काजल रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसली. आत रंजीताने मला हे सगळं सांगितलं, पुस्तकं चाळत, खाली मान घालून. मी तिचं सांत्वन केलं नाही. काय म्हणून करू? माझी आईसुद्धा अंगठाच द्यायची.

"असं एखादं द्या चाचा, की ते वाचल्याशिवाय राह्यणार नाई," ती म्हणाली.

माझ्याकडे तसलं पुस्तक नव्हतं. मी तसं सांगितलं, तरी तिने तारेवरची दोन काढायला लावली.