गरम पाण्यातली बैठक

लग्नाच्या बोलणीला माणसाने निदान कपडे घालून बसावं, एवढी माझी माफक अपेक्षा होती.

आमची मुलगी डेन्व्हरला नोकरी करते. तिने स्वतःच जमवलेला मुलगाही तिथलाच. मराठीच, पण जन्म अमेरिकेतला. त्याचे वडील मूळचे नागपूरचे सर्जन. पन्नासेक वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका लहान गावात आले, जन्मभर तिथल्या लोकांची पोटं उघडली आणि नीट शिवून परत दिली, आता निवृत्त आहेत. मी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहणारा, कंप्युटरवाला. त्यांच्या पिढीच्या मानाने आम्ही म्हणजे काल विमानातून उतरलेली पोरं. त्यामुळे व्याही म्हणून बरोबरीने बोलायचं की काका म्हणून वाकायचं, हेच माझं ठरत नव्हतं.

पोरांना लग्न डोंगरावर करायचं होतं. चाळीस माणसं, बस्स. डॉक्टरसाहेबांना हवं होतं ओहायोतल्या मोठ्या हॉटेलात, सहाशे माणसं आणि वर घोडा. मुलाने एकदा तोंड उघडून पाहिलं, तर आठवडाभर वडील त्याच्याशी फक्त हवामानावर बोलले. मग मुलीने मला गाठलं.

"बाबा, तू त्यांना सांगायचं."

"आई सांगेल की."

"नो! आईने सांगितलं की त्याची फाइट होते. तू कधीच कुणाला नाही म्हणत नाहीस. सो जर तू म्हणालास, तर ही विल लिसन." आणि मग हळू आवाजात, "प्लीज बाबा. जस्ट धिस वन्स."

ह्यात युक्तिवाद होता आणि अपमानही. दोन्ही मी मान्य केले. कारण खरंच आहे ते. नाही म्हणता येत नाही म्हणून मंडळाच्या गणपतीचं मखर गेली नऊ वर्षं माझ्या गराजमध्ये आहे आणि गाडी बाहेर बर्फात उभी असते.

मी डॉक्टरसाहेबांना चार वेळा फोन केला. त्यांची बोलण्याची पद्धत अशी, की समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि "हं" म्हणायचं. चारही वेळा फोनचा शेवट मी, "नाही नाही, सहाशे म्हणजे काय, होतातच," असा केला. चौथ्या वेळी तर घोडा पांढरा की तपकिरी, हेही आपणहून विचारलं. सुट्टीला घरी आलेली मुलगी स्पीकरवर ऐकत होती. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली, आणि त्या दिवशी माझ्याशी जेवतानासुद्धा बोलली नाही.

मग दोन्ही कुटुंबं प्रत्यक्ष भेटायची ठरली, कोलोरॅडोतल्या एका स्कीइंगच्या गावात. आम्हा चारही ज्येष्ठांना स्कीइंग येत नाही. चहा पिताना खिडकीतून उतार बघायचा आणि "केवढा उंच आहे नाही," असं आळीपाळीने म्हणायचं, एवढंच आमचं. म्हणून जावईबापूंनी आमच्यासाठी गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नान बुक केलं. जपानमध्ये स्कीच्या गावांत असतात, अगदी तशा पद्धतीचं स्नानगृह. कोकणात गरम पाण्याची उन्हाळी असतात, तसंच काहीतरी असणार असं मी धरून चाललो होतो. लहानपणी राजापूरला मी अर्ध्या चड्डीत तशाच कुंडात डुंबलो होतो.

"पर्फेक्ट चान्स, बाबा," स्कीचे बूट अडकवता अडकवता मुलगी म्हणाली. "तिथे फोन अलाऊड नाहीत. नुसतं बसायचं आणि बोलायचं."

कपडेही अलाऊड नाहीत, हे तिने सांगितलं नाही. ते काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, हॉटेलात नाश्त्याची वेळ सांगतात तितक्या सहजपणे. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. पोहण्याचे कपडे चालणार नाहीत. आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात उतरायचं. हा छोटा टॉवेल. तो पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा.

मी टॉवेल उलगडून पाहिला. आमच्याकडे ह्याहून मोठं फडकं पोळ्यांच्या डब्यात असतं.

माझी बायको आणि विहीणबाई तर खिदळत डावीकडे गेल्यासुद्धा. मी कपडे काढायला इतका वेळ लावला, की डॉक्टरसाहेब केव्हाच आत निघून गेले.

पण आतली अंघोळीची जागा पाहिली आणि भीती जराशी गेली. ओळीने बुटकी लाकडी स्टुलं, प्रत्येकापुढे लाकडी बादली. पंचवीस वर्षं ह्या देशात मी शॉवरखाली उभा राहून नुसता भिजतोय. बसून, बादलीतून, डोक्यावर भसाभस पाणी ओतून घेण्याला अंघोळ म्हणतात. मी इतका खूश झालो, की शेजारच्या स्टुलावरून कुणीतरी उठून माझ्यासमोर उभं राहिलं, हे मला कळलंच नाही. मान वर केली तर डॉक्टरसाहेब! टकलाभोवती पांढऱ्या केसांची झालर, पोट भारदस्त, अंगावर काहीही नाही.

इथे माझ्या आईवडिलांचे संस्कार आडवे आले. समोर वडीलधारं माणूस दिसलं, की माझी कंबर मला न विचारता वाकते. मी उठलो आणि पायाशी वाकलो. आपण दोघेही कुठल्या अवस्थेत आहोत, हे अर्ध्या वाटेत लक्षात आलं. आता सरळ व्हावं तर संकट, पूर्ण वाकावं तर महासंकट. मी तिथेच थांबलो.

"राहू द्या, राहू द्या," वरून आवाज आला. "इथे नका करू."

आणि ते भरभर चालत बाहेरच्या कुंडाकडे गेले. त्या वयाच्या माणसाला मी ओल्या फरशीवरून इतक्या वेगाने जाताना पाहिलं नव्हतं.

मी स्टुलावर बसून आणखी सहा बादल्या डोक्यावर ओतल्या. मग ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. चष्म्यावर वाफ धरून काही दिसेना, म्हणून चष्मा बादलीशेजारी ठेवला. माझा नंबर उणे सात. चष्म्याशिवाय मला माणसं ही रंगीत ढगांसारखी दिसतात.

बाहेर हिमवर्षाव सुरू होता. कुंडावर वाफेचा पडदा. पलीकडच्या कोपऱ्यात एक टक्कल, भोवती पांढरी झालर, वर घडी घातलेला टॉवेल. मी पाण्यात उतरलो, चटके सोसत त्याच्या शेजारी जाऊन बसलो, डोंगर असावा अशा दिशेला तोंड केलं आणि एका दमात सुरू केलं.

"साहेब, रागावू नका. मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा शेपूट घातली. पोरांना सहाशे माणसं नकोयत. घोडा तर नकोच. मुलगा तुम्हाला घाबरतो. मी तर त्याच्याहून घाबरतो. पण माझ्या मुलीने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. हे एकच मागितलंय, की बाबा, माझ्या बाजूने एकदा बोल. म्हणून बोलतोय. चाळीस माणसं. जास्तीत जास्त पन्नास."

"हं," तो ढग म्हणाला.

तेच ते "हं"! पण ह्या वेळी मी हटलो नाही. "हं म्हणू नका, साहेब. हो म्हणा, नाही तर नाही म्हणा."

मग तो ढग अस्सल अमेरिकन इंग्रजीत, फार मायेने म्हणाला, "मित्रा, मला ह्यातलं अक्षरही कळलं नाही. पण तू जे काही सांगतोयस, ते ज्याला सांगायचंय त्याला जरूर सांग."

मला वाटलं, डोक्यावरून पाण्याखाली जावं आणि तिथेच राहावं. पण टॉवेल बुडवायला बंदी होती.

"त्याची गरज नाही," माझ्या पाठीमागून मराठीत आवाज आला. मागे खडकाच्या आडोशाला एक लहानसं कुंड होतं. त्यात डॉक्टरसाहेब गळ्यापर्यंत बुडून बसले होते. "काय बोलून राहिले होते हो तुम्ही त्या माणसाशी? इकडे या."

मी गेलो. दोघांचे गुडघे एकमेकांना लागतील एवढीच जागा. माझं बोलायचं ते सगळं परक्या माणसावर खर्च झालं होतं.

"आम्ही आलो ना," शेवटी ते म्हणाले, "तेव्हा गावात सहा मराठी कुटुंबं होती. माझे वडील नागपूरला वारले, मला जाता आलं नाही. ही सहा घरं जमिनीवर सतरंजी टाकून आमच्याकडे झोपली, तेरा दिवस. त्यातल्या प्रत्येकाच्या पोरांच्या लग्नात मी जेवलोय. त्यांना काय सांगू, डोंगरावर जागा नाही म्हणून?"

नेहमीचं "हो हो, खरंय" तोंडाशी आलं, ते मात्र मी गिळलं. "ती सहा घरं येऊ देत," मी म्हणालो. "चाळीसच्या वर ती सहा. बाकीचे नकोत, साहेब. घोडाही नको."

"हं."

"साहेब."

"अरे हो म्हणतोय ना, बाप्पा!" ते म्हणाले. "तो घोडा आमच्या हिच्या भावाची आयडिया होती. मला घोड्याची भीती वाटते."

दुपारी सगळे जेवायला जमलो. समोर वाफाळत्या शेवयांचे मोठाले वाडगे, पोरांची नाकं थंडीने लाल. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे तिचं सगळं लक्ष माझ्याकडेच होतं. डॉक्टरसाहेबांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"लग्न डोंगरावर होईल. आमची सहा घरं येतील, बाकीच्यांना मी फोन करून सांगतो."

जावईबापूंचा घास हातातच राहिला. "बाबा? हाउ कम?"

"हिच्या वडिलांनी मला समोर बसवून तोंडावर सांगितलं," डॉक्टरसाहेब माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाले. "असं स्पष्ट बोलणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला."

मुलगी जागेवरून उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि मागून माझ्या गळ्यात पडली. तिचे केस अजून बर्फाने ओले होते.

बायकोने वाडग्यातून मान वर केली. तीस वर्षं मला ओळखणारी ती एकटीच होती तिथे.

"ह्यांनी?" ती म्हणाली.

मी शेवया खात राहिलो.