कोरं गाडगं

चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. गावाची देवळं वेशीच्या आत, आमचं वेशीबाहेर. पत्र्याचं छप्पर, दारावर लाकडी क्रूस. संगमनेरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठचं आमचं गाव. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून उपासना उन्हं असतानाच उरकायची. माझे वडील मिशनच्या शाळेचे मास्तर आणि मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पंच. पेटी पुढ्यात घेऊन ते गायला लागले की रडती पोरंही गप्प व्हायची. पण दुसऱ्या कुणाचा सूर चुकला की बाबा पेटी थांबवायचे आणि तो माणूस गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. देवाला बेसूर चालत असेल, बाबांना चालत नव्हतं.

बाबांना अभिमान होता, आणि तो फुकाचा नव्हता. आमचं घराणं महारवाड्यातून ख्रिस्ती झालेलं. बाजाराच्या गावी हॉटेलाबाहेर वळचणीला आमच्यासाठी एक कान तुटलेला कप खोचलेला असे. आपणच तो काढायचा, पोऱ्या वरून चहा ओतणार, तो प्यायचा, विसळायचा आणि परत खोचायचा. बाबा कोट घालायला लागले त्या दिवसापासून त्यांनी तिथला चहा सोडला. "आपला तो कप प्रभूनं फोडला," असं ते दर रविवारी मुलांना सांगायचे. सांगताना आवाज भरून यायचा. तो खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

मग मांगवाड्यातली एक विधवा म्हातारी बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली. दोर वळून पोट भरायची. तिच्या येण्याला कुणी विरोध केला नाही. उलट बायकांनी तिला लुगडं दिलं. अडचण आली ती प्रभुभोजनाला. पाळकसाहेब दोन-तीन महिन्यांतून एकदा सायकलवर यायचे. आदल्या दिवशी आई मनुका भिजत घालून त्यांचा रस गाळायची, आणि प्रभूच्या रक्ताची खूण म्हणून त्या रसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांवरून फिरायचा. पुढच्या ओळीतल्या बायकांपासून सुरुवात, मग पुरुष. बाबा पंच, म्हणून पाळकसाहेबांच्या बरोबरीनं प्याला तेच फिरवायचे. आता म्हातारीच्या ओठांचा प्याला पुढे कोण घेणार? हा प्रश्न कुणी तोंडानं विचारला नाही. बाबांनी न विचारताच उत्तर काढलं. म्हातारीला दाराशी बसवलं, वाऱ्याला बरं म्हणून, आणि प्याला तिच्याकडे सगळ्यांत शेवटी, पंचाच्याही मागून, न्यायचा ठरवला. साप मेला, काठीही मोडली नाही. सगळे खूश होते आणि म्हातारीही खूश होती.

मी तेव्हा नगरला मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगला होते आणि दोन महिन्यांच्या सुट्टीत घरी आले होते. त्या रविवारी म्हातारी काठी टेकत सरळ पुढे आली आणि पहिल्या ओळीत आईच्या शेजारी बसली. आईनं पदर आवरला. पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितला आणि प्याला बाबांच्या हाती दिला. सुरुवात म्हातारीपासून झाली. तिनं दोन्ही हातांनी बाबांची मनगटं धरली आणि घोट घेतला. आईनं ओठ मिटूनच प्याल्याला लावले. मी चांगला घोट घेतला. भक्तीनं नव्हे, आईवरच्या रागानं. बाकीच्यांनी कसंतरी निभावलं. शेवटी पंचाची पाळी आली. बाबांनी प्याल्याकडे पाहिलं, आणि न पिताच तो पाळकसाहेबांच्या हाती परत दिला.

सगळ्यांनी पाहिलं. पाळकसाहेब बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मास्तर, मनात काही असेल तर पुढच्या वेळेआधी मिटवून घ्या. नाहीतर प्याला दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल."

आमच्यात तशी रीतच होती. प्रभुभोजनाआधी भांडणं मिटवायची, ज्याच्याशी बोलणं बंद असेल त्याच्या दारात जायचं. पण बाबांचं भांडण तरी कुणाशी होतं? ते जेवेनासे झाले. पेटीवर खोळ चढली ती उतरली नाही. शाळेत पोरांना मारू लागले, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. आई म्हणायची, दृष्ट लागली. मला मात्र त्यांची भीती वाटायला लागली होती. न गाणारा बाप मी कधी पाहिलाच नव्हता.

पाळकसाहेब पुन्हा यायच्या आठवड्यात बाबांनी कोट चढवला आणि मला म्हणाले, "चल. म्हातारीला सांगून येऊ, पूर्वीसारखी दाराशी बस म्हणून. तूही समजाव, तुझं ऐकेल." त्यांच्या मते भांडण मिटवायचा हाच मार्ग होता. मी तोंडात आलेलं गिळलं आणि निघाले.

दुपारचं ऊन तापलं होतं. म्हातारी झोपडीबाहेर दोर वळत होती. बाबांचा आवाज ऐकून ती धडपडत उठली.

"मास्तर? माज्या दारात?" ती म्हणाली. "मी म्होरं येऊन बसले म्हनून आलात व्हय? डोळ्यांनी लई कमी दिसतंया. मागनं प्याला दिसत न्हाई हो. प्रभूचा प्याला, एकडाव डोळं भरून बघावा वाटला."

उन्हातून आलेल्या बाबांची तहान तिला कशी कळली कोण जाणे. ती आत गेली, आढ्याला टांगलेलं एक गाडगं चाचपडत काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"ह्ये कोरं हाय, मास्तर. आमी कुनी त्यातनं प्यालो न्हाई. कवातरी तुमच्यावानी मानूस दारात येईल म्हनून येगळं टांगून ठिवलंया. तुमच्या लेकीला धाडा, वढ्याच्या झिऱ्यावरनं भरून आनील. माजं पानी तुमास्नी चालायचं न्हाई, मला ठावं हाय."

ती हे रागानं बोलली नाही. आनंदानं बोलली, पाहुण्याची सोय करून ठेवल्याचा आनंद. मी गाडगं हातात घेऊन उभी राहिले आणि बाबांकडे पाहिलं. बाबांची नजर त्या गाडग्यावरून हलत नव्हती. हॉटेलाच्या वळचणीचा कप मला तेव्हा आठवला. त्यांना तर तो आयुष्यभर आठवत होता.

"ठेव ते खाली," बाबा मला म्हणाले. मग कोटासकट ते तिच्या सारवलेल्या जमिनीवर बसले. "आई, तुम्ही ज्यातून पिता ना, त्यातूनच मला पाणी द्या."

तिला ते समजेना. तिनं दोनदा नको म्हटलं. शेवटी रांजणातून जर्मन धातूचा पोचे पडलेला तांब्या भरून आणला. बाबा तोंड लावून तो घटाघटा प्यायले, पाणी दाढीवरून कोटावर सांडलं. रिकामा तांब्या त्यांनी मांडीवर ठेवला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. म्हातारी घाबरली. "पानी खारं लागलं का?" असं मला विचारू लागली. मीही रडत होते.

रविवारी बाबा तिला हाताला धरून घेऊन आले आणि स्वतःच पहिल्या ओळीत बसवलं. प्याला तिच्या ओठांना लावला. तिनं घोट घेतला. मग पंचानं शेवटी प्यायची रीत मोडून, सगळ्यांच्या देखत, तिच्या पुढ्यात गुडघे टेकून बाबांनी तिथंच त्या प्याल्याला तोंड लावलं आणि तो आईपुढे धरला. आईनं डोळे मिटले, एरंडेल घ्यावं तसा घोट घेतला. पण घेतला.

प्रभुभोजनानंतर गीत बाबांनी सुरू करायचं असे. पेटी उघडी होती, सगळे थांबले होते, पण बाबा डोळेच पुसत राहिले. मग म्हातारीनंच सुरुवात केली. शब्द अर्धे चुकीचे, सूर कुठल्या कुठे. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी पेटी मिटली आणि तिचा सूर पकडून, ती चुकेल तिथे चुकत, तिच्या मागून गायला लागले. माझ्या बापाला इतकं सुखी मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.