श्वास पुसलेला सॅक्सोफोन

लग्नाच्या मांडवात कीबोर्डवरचा नकली सॅक्सोफोन सुरू झाला, की मनोहरकाका भरलं ताट सोडून उठायचे. "हा बाजा आहे का? प्लास्टिकची बकरी बोंबलून राह्यली!" असं यजमानाला तोंडावर सुनावून थेट आंजीची वाट धरायचे.

आंजीत त्यांची वांग्यांची वाडी होती. तरुणपणी मात्र ते मुंबईत रहस्यपटांच्या पार्श्वसंगीतात सॅक्सोफोन वाजवत. कोटाची कॉलर वर केलेला गुप्तहेर ओल्या गल्लीतून चालतो, तेव्हा मागे जॅझचा जो घोगरा सूर रेंगाळतो, तो त्यांचा. "हिरोले भेव वाटते, पण तो दाखवत नाई. ते आपण वाजवाचं," ते मला सांगत. "म्हून सुरात श्वास आयकू आला पाह्यजे."

मी वर्ध्यात ध्वनिसंकलन करते. गेल्या वर्षी आमच्या दिग्दर्शकाने गुप्तहेराची वेबमालिका काढली आणि मी काकांना गळ घातली. दमा असूनही ते आले. दृश्य एवढंच होतं: मेलेल्या मित्राचं दार वाजवायला गुप्तहेर हात उचलतो आणि खाली घेतो. काकांनी ते तीनदा पाहिलं, मग वाजवलं. मध्येच सूर फाटला, लांब श्वास आला, आणि तोच सूर पुन्हा उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला.

काका घरी परतल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "म्हातारा धापा टाकतोय. साफ कर."

मी केलं. श्वास पुसले, फाटलेला सूर यंत्राने सरळ केला. श्रेयनामावलीत 'संगीत' या शब्दापुढे दिग्दर्शकाने स्वतःचं नाव घालायला सांगितलं, तेही घातलं. मूळ फाइल जागा अडवते म्हणून उडवली.

मालिका आल्यावर वाडीत जाऊन काकांना फोनवर ऐकवली.

"कोनं वाजवलं हे?"

"तुम्हीच, काका."

त्यांनी पुन्हा ऐकलं. "माहा श्वास काऊन काहाडला वं?"

"दिग्दर्शक म्हणाले..."

"त्याले काय समजते! तुले समजत होतं."

दोन बोटांत धरून त्यांनी फोन परत दिला, आणि मोटरच्या पाण्याखाली कोपरापर्यंत हात धुतले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर काका वारले. तेरवीला त्यांच्या सुनेने विचारलं, "ताई, मामाजीचं वाजवलेलं काई आहे का तुमच्यापाशी?"

होतं ते एवढंच. मी लावलं.

तिने पदराने डोळे टिपले. "किती गोड वाजवत होते!"

"हो," मी म्हणाले, आणि मला माझीच शिसारी आली.