पूर्णाकाठची वाळू

बिरूअण्णा जमीन चाखायचे. भोकरदनच्या आमच्या शाळेसाठी विहीर खोदायची ठरली, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीतले धनगर, खांद्यावर घोंगडी. हातभर खणून त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली आणि म्हणाले, "मास्तर, काळी निस्ती दोन हात. मंग मुरूम, मंग पाषाण. सुरुंग लागंल." तसंच निघालं.

जमिनीबद्दल ते ओळखीच्या माणसांसारखं बोलत. "टेंभुर्णीकडं चुनखडीची फरशीच हाय. पहार मारली की वाजती. पर पूर्णाकाठाला जपून. तिथं निस्ता गाळावर गाळ. मधी चुनखडीचा पापुद्रा, वाटतं बराबर घट हाय. त्याच्याखाली वाळू. ती कुणाचीच न्हाई."

त्या वाळूनं त्यांचा धाकटा भाऊ म्हाळू नेला होता. काठावरच्या एका गावच्या पाटलांची विहीर हे दोघे भाऊ खोदत होते. वाळू लागताच अण्णा म्हणाले, आधी कडा बांधून घ्या, मग खाली उतरू. पाटलांना घाई होती. अण्णा जेवायला गेले असताना त्यांनी म्हाळूला दटावून खाली उतरवलं. कड ढासळली. प्रेत काढायला तीन दिवस लागले. तहसिलात पाटलांनी जबाब दिला, पोरगा शिंदी पिऊन उतरला होता आणि त्याचा भाऊ खोटारडा आहे. म्हाळूनं जन्मात शिंदीला तोंड लावलं नव्हतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी पाटलांनी नदीच्या कडेला नवं घर बांधायला काढलं. जाणकार म्हणून गावानं अण्णांना बोलावलं. मी तोवर तपासनीस झालो होतो; गावची शाळा तपासायला आलेला मीही तिथं होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "पाटील, हितं बांधू नका. टेकाडावर बांधा."

"तुझ्या सांगण्यावरून?" पाटील हसले. पाया तिथंच खणला. चुनखडी लागली तेव्हा त्यांनी एक खडा सगळ्यांना फिरवून दाखवला.

परतताना मी म्हणालो, "अण्णा, खाली वाळू आहे हे का नाही सांगितलं? ते थांबले असते."

"म्हून तर न्हाई सांगितलं. मी निस्तं नको म्हणलं की त्यो तिथंच बांधणार."

मला परत जाऊन सांगता आलं असतं. मी गेलो नाही.

तिसऱ्या वर्षी पूर्णेला मोठा पूर आला. घरातली माणसं आधीच वर गेली होती, पाटील हट्टानं मागं राहिले. पुरानं खालची वाळू ओढून नेली आणि अर्धं घर कडेसकट खचलं. निरोप मिळून अण्णा आणि मी पोचलो तेव्हा पाटील छातीपर्यंत गाडले गेले होते. लोक खोरी घेऊन धावले, तर वरची कड आणखी सुटू लागली. कुठून खणायचं ते अण्णांनाच कळत होतं. ते पाटलांसमोर उकिडवे बसले.

"म्हाळू प्याला होता का?"

वरून वाळू गळत होती.

"न्हाई," पाटील म्हणाले. "शुद्धीत होता. मीच उतरवला."

"मोठ्यानं. गावाला ऐकू द्या."

पाटील पुन्हा बोलले, रडत बोलले. मग अण्णांनी फळ्या मागवल्या, कड तोलून धरली आणि खालच्या अंगानं खणून पाटलांना जिवंत बाहेर काढलं. त्यांच्याकडं न बघता ते घराकडं चालू लागले.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात अण्णा अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं, "अण्णा, त्या दिवशी पाटील बोलले नसते तर?"

त्यांनी घोंगडी छातीवर ओढून घेतली.

"मी तसाच बसून राह्यलो असतो, मास्तर," ते म्हणाले.